शिवणाच्या कोपऱ्यातले दोरे, तूस आणि कातरण: कसं आवरता?

काजबटण
मंडळी, डोंबिवलीत वन बीएचके. हॉलच्या खिडकीखाली मशीन, त्याला लागून ओव्हरलॉक (कापडाची कड कापत शिवणारं मशीन), आणि उरलेल्या जागेत सोफा, टीव्ही, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. ब्लाऊज, पिको-फॉल, लहान मुलींचे फ्रॉक अशी कामं घरी घेते. नवरात्रापासून लग्नसराई संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते.

दुखणं आहे दोऱ्यांचं. पायाला चिकटून ते घरभर फिरतात. सासूबाईंच्या पोथीत सापडतात, परवा एक वरणात निघाला. लाल होता म्हणून दिसला तरी. फुलझाडूने काढायला जावं तर निम्मे झाडूतच अडकतात आणि पुढच्या खोलीत जाऊन गळतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या फिरत्या ब्रशला दोरे असे आवळून बसलेत की तो फिरायचाच थांबलाय. त्यात हल्ली मशीन जड चालतंय, मधूनच टाका सोडतं आणि कापडाखाली गुंता करतं. रीळ बदललं, सुई बदलली, फरक नाही.

धाकटी आता रांगायला लागली आहे, म्हणून हे जास्त मनावर घेतलंय. तुम्ही काय करता? "रोज झाडायचं" हे सोडून सांगा, रोज झाडतेच आहे.

टिपटाप
+१. वरणातला दोरा आमच्याकडेही.

मशीनवाला_काका
ताई, आधी मशीनचं बघू, जमिनीचं नंतर. माझा धंदाच दुरुस्तीचा. "जड चालतंय, खालून गुंता होतोय" म्हणून जी मशिनं माझ्या टेबलावर येतात, त्यातली बरीचशी बिघडलेली नसतातच, भरलेली असतात.

मोटर लावलेली असेल तर प्लग काढा. सुई वर घ्या आणि काढूनच ठेवा, फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) काढा. सुईखालची प्लेट दोन स्क्रूंवर असते. ते स्क्रू वाटीत ठेवा, हे दोऱ्यांच्या ढिगात पडले की परत मिळत नाहीत. प्लेट उचलली की खाली दाते दिसतील, जे कापड मागे ढकलतात. त्या दात्यांच्या दोन ओळींमधल्या खाचेत बघा. तिथे तूस नुसतं पडलेलं नसतं, दाबून दाबून त्याची करड्या रंगाची घट्ट पट्टी झालेली असते. ब्रशने ती हलत नाही. सेफ्टी पिनचं टोक एका कडेला घालून उचला, अख्खी पट्टी एका तुकड्यात निघते. ती तिथे असली की दाते पुरेसे वर येत नाहीत, कापड नीट सरकत नाही, आणि माणूस बिचाऱ्या टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू पिळत बसतो.

मग शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याचा टाका घेणारा भाग. बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) काढा. ज्या मशीनला शटलच्या दोन्ही बाजूंना कान असतात, ते कान बाहेर फिरवले की कडं सुटतं आणि आतला अर्धचंद्र मधल्या दांड्याला धरून बाहेर येतो. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, परत बसवताना उपयोगी पडेल. तो ज्या गोल घळीत फिरतो तिथे तेल आणि तूस मिसळून काळा चिखल झालेला असतो. सुती फडक्याने कोरडा पुसा, मग तेलाचा एकच थेंब. वरून बॉबिन टाकायचं मशीन असेल तर काळी प्लॅस्टिकची वाटी उचलून तिच्या खाली ब्रश फिरवा. त्या वाटीला तेल लावायचं नाही.

राहिलं टेन्शन. वरच्या दोन चकत्यांमध्येही तूस अडकतं. फूट वर केला की चकत्या उघडतात, तेव्हाच साफ होतात. सुती कापडाची कडक घडी किंवा जाड दोरा मधून ओढून घ्या. बॉबिन केसच्या बाहेरच्या पोलादी पट्टीखाली कागदाचा कोपरा सरकवा. तिथे केसाएवढं तूस बसलं तरी खालचा दोरा एकदा सैल, एकदा घट्ट येतो.

सगळं झालं की चिंधीवर चार-पाच लांब टिपा मारा, जादा तेल तिच्यात जाईल. नाहीतर गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या रुबियावर डाग.

टिपटाप
काका, एवढं सगळं उघडण्यापेक्षा ब्लोअर मारला तर? मोबाईलवाले मारतात तसा. मी हवेचा डबा आणलाय, मस्त उडतं सगळं.

मशीनवाला_काका
उडतं ते दिसतं, जातं कुठे ते दिसत नाही. जुनं काळं मशीन मागे कलवून, घराबाहेर नेऊन, आतून बाहेरच्या दिशेने हवा मारली तर माझी हरकत नाही. कारखान्यात मारतातच. पण प्लॅस्टिकच्या बंद अंगाच्या मशीनमध्ये तुम्ही समोरून हवा मारता तेव्हा निम्मं तूस आत गिअरपर्यंत जातं. तिथे ग्रीस असतं, त्याला चिकटलं की ते मीच काढायचं. तोंडाने फुंकरही नको, वाफ जाते. ब्रश वापरा. रंगकामाचा छोटा, जरा राठ केसांचा. मऊ मेकअपचा ब्रश तूस नुसतं इकडून तिकडे फिरवतो. सुका चिमटा जवळ ठेवा.

आणि कृपा करून खोबरेल तेल नको. थंडीत ते थिजतं. गोडं तेल चिकट होतं आणि त्या चिकट थरावर तूस आयतं बसतं. पाण्यासारखं पांढरं मशीन ऑइल मिळतं, तेच. संगणकी मशीनला कुठे तेल द्यायचं आणि द्यायचं का, हे पुस्तिकेत बघून.

जर्सीतली_सातारकरीण
काकांना दंडवत. दात्यांमधली पट्टी आत्ता काढून आले, वाचता वाचताच.

मी इथे न्यू जर्सीत क्विल्ट करते, आणि आमच्याकडे जमिनीला गालिचा. गालिच्यातला दोरा काय असतो ते ज्याचं त्याला माहीत. त्यामुळे मी दोरा खाली पडूच द्यायचा नाही या बाजूने विचार केला.

क्विल्टवाल्यांची एक सवय ब्लाऊज शिवणाऱ्यांनाही चालेल. टीप संपली की आपण कापड ओढतो, वरचा-खालचा दोरा वीतभर बाहेर येतो, आणि तो कापून टाकतो. पुढच्या टिपेला पुन्हा तेच. दिवसभरात अशी किती शेपटं होतात बघा. त्याऐवजी दोन बोटं रुंदीची एक चिंधी फुटाशी ठेवायची. कामाची टीप संपली की न कापता चिंधीवर शिवत जायचं आणि तिथे थांबायचं. कामाचं कापड मागच्या बाजूने कापून घ्यायचं. चिंधी फुटाखालीच राहते, पुढची टीप तिच्यावरूनच सुरू करायची. लांब शेपूट राहतच नाही. दोराही वाचतो, आणि सुरुवातीला जो गुंता होतो तो होतो चिंधीवर, ब्लाऊजवर नाही. बाहीच्या, बगलेच्या, टक्सच्या टिपा एकामागून एक अशाच घेता येतात.

जे कापावं लागतंच, त्यासाठी टेबलाच्या कडेला पिशवी. जुन्या जीन्सच्या पायाचा वीतभर तुकडा, खालून शिवून बंद. वरच्या काठात नेफा करून त्यात पॅकिंगची प्लॅस्टिक पट्टी गोल घालायची, म्हणजे तोंड उघडं राहतं. नेफ्याला जोडून एक लांब पट्टी, पट्टीच्या टोकाला वाळू भरलेली पिनकुशन. पिनकुशन टेबलावर बसते, पिशवी कडेवरून खाली लटकते, उजव्या हाताच्या अगदी खाली. तोंड उघडं असणं महत्त्वाचं. टाकायला दोन बोटांनी उघडावी लागणारी पिशवी मी तरी कधी वापरली नसती.

काजबटण
चिंधीचं हे कुणी क्लासमध्ये का शिकवलं नाही!

उगाच_एक_शंका
एवढ्या खटपटीपेक्षा रेडिमेड ब्लाऊज घ्यावेत की.

टिपटाप
घ्या आणि मग बाह्या उसवून द्यायला काजबटणताईंकडेच या.

गोधडीप्रेमी
जमिनीबद्दल कुणी बोलेना म्हणून मी. फरशी असेल तर सुका झाडू दोऱ्यांसाठी चुकीचंच हत्यार. पॉलिस्टरचा दोरा आणि जॉर्जेटचं तूस फुलझाडूच्या घासण्याने तयार होणाऱ्या स्थिर विजेमुळे चिकटतं. हात ओला करून जमिनीवरून फिरवून बघा, दोरे आपोआप गोळा होऊन वळकटी होते. तेच काम रबरी हातमोजा जरासा ओला करून होतं. सोफ्यावर, गालिच्यावर, पडद्यावर तर मोजाच. मोठ्या जागेला रबरी दात्यांचा झाडू मिळतो, केस आणि दोरे दोन्ही ओढतो. आधी हे, मग ओला फडका. फडक्याचं पाणी मोरीत ओतताना जाळी बघा. केसांच्या गुंत्यात दोरे अडकले की मोरी तुंबते आणि मग प्लंबर शिवणकामाला नावं ठेवतो.

व्हॅक्यूमच्या ब्रशवरचे दोरे ओढू नका. उसवायच्या हत्याराने ब्रशच्या लांबीला समांतर एक चिरा द्या, सगळे तुकडे होऊन गळून पडतील. दोऱ्यांसाठी फिरता ब्रश न लावता नुसती नळी लावा.

खुर्चीला चाकं असतील तर तीही. आणि पायडलचं मशीन असेल तर खालच्या मोठ्या चाकाच्या आसाला किती दोरा गुंडाळलाय ते खाली बसून बघा. मशीन जड जाण्याचं ते एक कारण, वरून दिसत नाही.

मशीनवाला_काका
गोधडीताई बरोबर. बॉबिन भरायच्या चाकामागेही बघा. मोटरवाल्यांनी पायाखालचं पेडल दोऱ्यांच्या ढिगात ठेवू नये. पेडल तापतं आणि तूस पेट घ्यायला वेळ लावत नाही. मोटरच्या जाळीवरचं तूसही आठवणीने काढा.

वॉर्डातली_सिस्टर
काजबटण, बाळ रांगतंय असं लिहिलंय म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते.

दोरा तोंडात जाणं एक झालं. दुसरं फारसं कुणाच्या लक्षात येत नाही: पायाच्या बोटाला गुंडाळला जाणं. केस किंवा बारीक दोरा बाळाच्या बोटाभोवती दोन वेढे घेतो, बाळ पाय हलवतं, वेढा आवळतो. बोट सुजतं, आणि सुजलं की दोरा कातडीत रुततो आणि दिसेनासा होतो. बाळ किंचाळून रडतं आणि आई पोटदुखी समजून हिंगाचं पाणी लावते. विनाकारण रडणाऱ्या तान्ह्या बाळाचे मोजे काढून दहाही बोटं बघायची, मुलगा असेल तर शूची जागाही. बोट लाल-जांभळं दिसलं आणि दोरा सहज सुटला नाही तर घरी कोरत बसू नका, लगेच दवाखाना.

घरी शिवलेले मोजे, हातमोजे, झबली उलटी करून आतली शेपटं जवळून कापा. झबल्याची शिलाई बाहेरच्या बाजूला घ्यायची जुनी पद्धत आहे, ती मला फार आवडते.

काजबटण
सिस्टर, अंगावर काटा आला. आत्ताच बोटं बघून आले. धन्यवाद.

मांजरमावशी
मांजरवाल्यांसाठीही तेच, किंबहुना जास्त. मांजराची जीभ खरखरीत, काटे आत वळलेले. दोरा एकदा जिभेवर चढला की तिला थुंकता येत नाही, गिळतच जाते. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं आणि बाकीचा दोरा आतड्यात पुढे सरकत राहिला, की आतडं दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि कापलं जातं. शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. अजिबात नाही. कापायचाही नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं. दोऱ्यात सुई असेल तर विचारूच नका. आमच्याकडे रिळं झाकणाच्या डब्यात, आणि जर्सीताईंची उघड्या तोंडाची पिशवी मांजराच्या घरात चालायची नाही, क्षमस्व. आम्ही झाकणाला भोक पाडलेली बरणी वापरतो.

टिपटाप
मी तर दोरे गॅलरीत ठेवते, पक्ष्यांना घरट्याला. शिंपी पक्षी येतो आमच्याकडे, जास्वंदीची पानं शिवतो. तेवढंच पुण्य.

पक्षीवेडा
ताई, हेतू चांगला आहे पण ठेवू नका. शिंपी पक्षी पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडतो आणि कोळ्याचं जाळं, कापूस, झाडांचे तंतू त्यातून ओवतो. त्याला लागतं ते आखूड आणि तुटणारं. आपला पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, पिल्लाच्या पायात अडकतो, आणि सिस्टरांनी बाळाच्या बोटाबद्दल सांगितलं तेच घडतं. शहरातल्या कबुतरांची बोटं झडलेली पाहिली असतील. पॅरिसमधल्या कबुतरांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात केशकर्तनालयं जास्त असलेल्या भागात अशी लुळी-तुटकी बोटं जास्त आढळली. केस आणि दोरे पायाला गुंडाळले जातात, हे त्यामागचं कारण असावं. द्यायचंच असेल तर कापूस थोडासा पिंजून झाडावर अडकवा. शेवरीची म्हातारी मिळाली तर उत्तम.

गिरणगाव_नातू
तुसाबद्दल एक. आमचे आजोबा परळच्या गिरणीत कार्डिंग (कापूस पिंजायच्या) खात्यात होते. आजी सांगायची, घरी आले की भुवया पांढऱ्या. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलं की छाती भरून यायची, आठवडा सरेल तशी कमी व्हायची. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस तो हाच. आज तो कायद्याने व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. १९८२ च्या संपानंतर आजोबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत, खोकला मात्र राहिला.

घाबरवायला लिहीत नाही. कार्डिंगमध्ये कच्च्या कापसाची धूळ उडते ती कुठे आणि तुमचा हॉल कुठे. पण ज्यांना दमा आहे त्यांनी फ्लीस, मखमल, टर्किश टॉवेल कापताना मास्क लावावा आणि मशीन उघडताना तर नक्कीच. पंखा बंद ठेवा. पंख्याखाली तूस झाडणं म्हणजे ते सगळ्यांच्या ताटात वाढणं.

जर्सीतली_सातारकरीण
नातू, छान लिहिलंत. माझ्या माहेरचेही दोघे गिरणीत होते.

तूस कमी करायचं तर दोऱ्यावरही बघा. स्वस्त सुती दोऱ्यात आखूड तंतू फार, ते सुईच्या डोळ्यात घासून घासून झडतात. रिळाचा दोरा उजेडात धरा, अंगावर लव दिसली तर ती सगळी शटलमध्ये जाणार. लांब तंतूचा, मर्सराइज केलेला (प्रक्रिया करून गुळगुळीत केलेला) सुती दोरा किंवा चांगला पॉलिस्टर घ्या. आणि कापड आधी धुणार असाल तर कडा झिगझॅग करूनच मशीनमध्ये टाका, नाहीतर बाहेर काढताना दोऱ्यांची जटा.

काजबटण
काका, तुमच्या पद्धतीने उघडलं. दात्यांमधून जे निघालं ते नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, उंदीर आहे का. टाका सोडणं थांबलं. पायडलच्या आसालाही वेढे होतेच, कात्रीने काढले. गोधडीताई, ओल्या हाताचं सासूबाईंना फार पटलंय, आता त्याच घेतात ते काम. कातरणाचं मात्र राहिलंय. पोतं भरलंय.

गोधडीप्रेमी
पोतं आधी निवडा. हाताएवढे सुती तुकडे बाजूला, त्यांची ठिगळं जोडून गोधडीचा वरचा थर होतो. आतल्या थरांना मात्र अख्खी जुनी साडी किंवा धोतरच. बारीक कातरण आत भरू नका, दोन धुण्यांत एका कोपऱ्यात गोळा होतं आणि वाळतही नाही. जरीचे काठ वेगळे, ते टोचतात. बोटाएवढी कातरण आणि दोरे यांची दाराच्या फटीखाली ठेवायची लांब गुंडाळी करा, पावसाळ्यात कामाची. पिनकुशनमध्येही चालतात, पण आत पिनेचा तुकडा नाही ना ते चाचपून. कंपोस्टमध्ये फक्त शंभर टक्के सुती. पॉलिस्टर मातीत तसाच राहतो. बाकी सुक्या कचऱ्यात, पण तोंड बांधून. मोकळे दोरे कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला गुंडाळतात.

काजबटण
आणि काका, ओव्हरलॉक? ते तर तासाभरात बर्फ पडल्यासारखं होतं.

मशीनवाला_काका
होणारच, ते कापडाची कड कापतच चालतं. तिथे रोजच्या रोज, काम संपलं की. पुढचं दार आणि बाजूचं दार उघडा, लूपरच्या (खालचे दोरे फिरवणाऱ्या आकड्यांच्या) मागे आणि पात्याखाली ब्रश घाला. बंद मशीनला नळी जवळ धरून व्हॅक्यूमने ओढलं तर उत्तम, ओढणं चालतं, फुंकणं नको. साफ करताना दोरे निघाले तर ओवण्याचा क्रम दारावर रंगांनी दिलेला असतो.

नेहमीपेक्षा जास्त भुरभुर पडायला लागली आणि कड कुरतडल्यासारखी दिसली तर पातं बोथट झालंय. आधी पात्यांमध्ये तूस दाबून बसलेलं नाही ना ते बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. तरी तसंच असेल तर बदला. बऱ्याच घरगुती ओव्हरलॉकमध्ये खालचं पातं मऊ धातूचं असतं आणि तेच आधी जातं, वरचं टिकतं. दुकानदार दोन्हींची जोडी गळ्यात मारेल, आधी खालचं एकटं बदलून बघा.